माहेरचं रान आणि खसखशीएवढी गोचीड

मैत्रिणींनो, या पानांवर आपण लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, रेशमी साड्या कसरीपासून कशा जपाव्यात, असलं पुष्कळ वाचतो. मी तर ते कापून वहीत चिकटवूनही ठेवते. आज मात्र मला तुमच्याशी खसखशीच्या दाण्याएवढ्या एका जीवाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जीवाचं काय घेऊन बसलीस! पण त्या दाण्यापायी आमच्या घराने एक अख्खा उन्हाळा काढला आहे. तो कसा काढला हे आधी सांगते; म्हणजे पुढे मी मोज्यांचं आणि चिमट्याचं सांगायला लागले की तुम्हाला ती उगाचची कटकट वाटायची नाही.

माझं माहेर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात. एकीकडे गोव्याची हद्द, दुसरीकडे सह्याद्रीची भिंत आणि मध्ये काजूच्या बागा. सासर त्याच जिल्ह्यात, पण बाजारपेठेच्या गावी. सकाळी घरचं आवरून दुपारी मी हायस्कुलात तीन तास मराठी शिकवते, आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी हजर! नकाशात पाहिलं तर माहेर-सासरमध्ये बोटभरही अंतर नाही. पण मी उठते ती नळाचं पाणी भरायला, आणि माझी वहिनी उठते ती रानात पाय घालायला. हे अंतर नकाशात दिसत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे जानेवारी ते मे हे दिवस बायकांना घरात बसू देत नाहीत. आधी पातेरा गोळा करायचा. पातेरा म्हणजे झाडांखाली पडलेला वाळका पाला. तो हाताने ओढून, पायाने दाबून, टोपल्यांत भरून डोक्यावरून आणायचा. थोडा गोठ्यात गुरांखाली अंथरायला, थोडा शेताच्या भाजावळीला. मग काजूचा हंगाम. बोंडू खाली पडला की तो उचलायचा, पिरगाळून बी वेगळी करायची, आणि पुढच्या झाडाखाली जायचं. दिवसभर वाकून, वाळक्या पाल्यात हात घालून. मधल्या वेळात चुलीसाठी फाटी गोळा करायची, गुरं रानात सोडायची, तिन्हीसांजेला ती परत आणायची. साडी वर खोचलेली, पाय गुडघ्यापर्यंत उघडे, पायात असली तर स्लीपर. वर्षाचा पैसा याच चार महिन्यांत यायचा असतो. त्यामुळे ‘रानात जाऊ नका’ असं जेव्हा कुणी पत्रक वाटतं, तेव्हा बायका ते वाचतात, घडी घालतात आणि कोयत्याच्या मुठीला गुंडाळतात.

तर २०१७ च्या फेब्रुवारीत वहिनी अशीच बागेतून आली आणि न जेवता आडवी झाली. रात्री हुडहुडी भरली. ताप एकदम चढला, हळूहळू नाही. डोकं असं दुखायला लागलं की उजेड सोसवेना. कंबर, पोटऱ्या, पाठ ठणकत होती. दुसऱ्या दिवशी डोळे लालबुंद, त्यात उलट्या. दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मलेरियाचं रक्त तपासलं, ते साफ आलं, आणि ‘व्हायरल दिसतंय’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्यांनी ‘रानात जाता का?’ असं विचारलं नाही, आणि आमच्याकडे ते कुणी आपणहून सांगत नाही. मासे खाता का, असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तसंच ते!

आठ दिवसांनी ताप उतरला. वहिनी भाकऱ्या थापायला लागली. मी फोन केला तर म्हणाली, “बरी आसय आता. उद्यापासून बागेत जातलंय.” आणि सोळाव्या दिवशी ताप परत आला. या वेळी हात कापत होते. चालताना तोल जात होता. संध्याकाळी तिने आईला विचारलं, “तुमी कोण?” आईने पंचवीस वर्षं शेजारीपाजारी सगळ्यांची आजारपणं काढली आहेत, पण फोनवर तिला मला धड वाक्य सांगता येईना. त्या रात्री वहिनीला गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला: गाव कुठलं, आणि गेल्या महिन्यात रानात गेला होतात का? रक्त तपासणीला गेलं. माकडताप निघाला.

वहिनी बारा दिवस इस्पितळात होती. वाचली. पण पुढचे चार-पाच महिने तिला दोन कळशा एकदम उचलवत नव्हत्या, आणि बोलता बोलता शब्द सापडत नसे. त्या वर्षी बागेतली निम्मी बी जमिनीवरच राहिली.

‘माकडताप’ हे नाव फसवं आहे. ऐकून हसू येतं, आणि माकड चावल्याने होत असेल असं वाटतं. तसं नाही. याचं मूळ नाव ‘क्यासनूर जंगलाचा आजार’. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात (आता शिवमोग्गा म्हणतात) क्यासनूर नावाचं रान आहे. १९५७ साली तिथे माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप यायला लागला. पीतज्वरात माकडं मरतात, म्हणून आधी पीतज्वराचाच संशय आला, आणि तो खरा ठरता तर देशभर हाहाकार उडाला असता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिथे जाऊन राहिली आणि त्यांनी शोधून काढलं की विषाणू नवाच आहे आणि तो पसरवणारी आहे ती गोचीड. हेच केंद्र पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. पुण्यातल्या मैत्रिणींनो, तुमच्या शहराचा आमच्या रानाशी असा धागा आहे.

पन्नासेक वर्षं हा ताप शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरताच राहिला. २०१२ नंतर तो दक्षिणेकडे बंदीपूर, निलगिरी, वायनाडपर्यंत दिसला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गमध्ये. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याकडे. म्हणजे सह्याद्रीचा हात धरूनच तो चालला आहे.

आता त्या गोचिडीकडे वळते. म्हशीच्या कानामागे एरंडीच्या बीसारखी फुगलेली गोचीड तुम्ही पाहिली असेल. ती पोट भरलेली, मोठी झालेली मादी. आपल्याला जी छळते ती ही नव्हे, तिचं पिल्लू. पावसाळ्यात मादी अंडी घालते. पावसाळा सरला की त्यांतून सहा पायांची अगदी बारीक पिल्लं निघतात. ती कुठल्या तरी उंदराचं, पाखराचं, माकडाचं रक्त एकदा पितात, गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. ही दुसऱ्या अवस्थेतली पिल्लं रानात भरतात ती नेमकी थंडी संपताना आणि उन्हाळ्यात. म्हणजे आपल्या काजूच्या हंगामात! खसखशीच्या दाण्याएवढी. चावली तर कळत नाही, खाज सुटत नाही, दुखत नाही. आणि पहिल्या अवस्थेत विषाणू पोटात गेला असेल तर तो कात टाकली तरी जात नाही, पुढच्या अवस्थेत तिच्याबरोबरच येतो.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडतही नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा वाळक्या पानाच्या कडेला चढून पुढचे पाय पसरून बसून राहते. कुणीतरी घासून जाईल याची वाट पाहते. आपला पाय लागला की चिकटते, आणि मग लगेच चावत नाही, मऊ जागा शोधत वर वर चढते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चिकटण्यात आणि चावण्यात जो वेळ जातो, तोच आपल्या हातात असतो.

माकडांचं काय? आमच्याकडची लाल तोंडाची केलडी आणि काळ्या तोंडाचे वानर, दोघांनाही हा ताप होतो आणि ते मरतात. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या शेकडो गोचिड्या उतरून भोवतालच्या पाल्यात पसरतात. त्यामुळे मेलेलं माकड जिथे पडतं ती जागा सगळ्यांत वाईट. माकड बिचारं आपल्यासारखंच रोगी. दोष त्याचा नाही. गाईगुरांना या तापाने काही होत नाही, पण त्यांच्या अंगावरून गोचीड रानातून थेट गोठ्यात येते. आणि एक सांगते, कारण २०१७ मध्ये याच गोष्टीने आम्हाला फार त्रास झाला: हा ताप माणसापासून माणसाला होत नाही. वहिनी घरी आल्यावर शेजारच्या दोन घरांनी पोरं आमच्या अंगणात पाठवणं बंद केलं होतं. तिच्या कपाने चहा प्यायल्याने कुणाला काही होणार नव्हतं, पण तो कप वेगळा ठेवलेला तिने पाहिला. ताप गेल्यावरही ते तिच्या मनातून गेलेलं नाही.

याच सुमाराला आमच्या घरीही एक वादळ झालं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोरांना घेऊन आता तिकडे जाऊ नकोस. पावसाळ्यात जा, चतुर्थीला जा.” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नातवंडांची काळजी कुणाला नसते? आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वर धरलं. पण पावसाळ्यापर्यंत वहिनीने एकटीने काय करायचं? दादाने बाग बघायची, आईने गोठा, मग तिला आंघोळीला कुणी न्यायचं? मी शिमग्याला गेले. पोरांना बरोबर नेलं. त्यांना अंगणाच्या पुढे पाऊल टाकू दिलं नाही, आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली बसवून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. धाकटा म्हणाला, “आई, तू माकडीण झालीस!” झाले तर झाले.

तेव्हापासून आमच्या माहेरची रानात जायची पद्धतच बदलली आहे. ती तुम्हाला सांगते. तुम्ही बागेत कामाला जाणाऱ्या नसाल, नुसत्या कुटुंबाबरोबर अभयारण्य पाहायला किंवा गडावर जाणार असाल, तरी उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न साडीचा. साडी खोचून रानात जाणं म्हणजे गोचिडीला जिना करून देणं. आमच्याकडच्या मजूर बायका साडीवर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतातच. काजूचा चीक हाताला लागू नये म्हणून. वहिनीने त्यात भर घातली. आत दादाची जुनी पँट, आणि पँटचे पाय मोज्यांच्या आत खोचलेले. वर बूट. मोजे पँटच्या आत नाहीत, पँट मोज्यांच्या आत! म्हणजे गोचीड चढली तरी कापडावरूनच चढत राहते. कपडे फिक्या रंगाचे, पांढरे मोजे तर उत्तमच, कारण पांढऱ्यावर काळा ठिपका चालताना दिसतो. डोक्याला घट्ट रुमाल. पहिल्या दिवशी बागेतल्या बायका हसल्या. म्हणाल्या, “ही बघा, फौजदारीण इली!” तिसऱ्या वर्षी त्यातल्या चौघीजणी पँट घालून आल्या. हसणं असं हळूहळू कमी होतं.

मग तेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून हंगामात डीएमपी नावाचं तेल देतात. ते रानात जाण्याआधी हातापायांच्या उघड्या भागाला, मानेला, कानामागे चोळायचं. वास काही अत्तराचा नाही. वहिनी म्हणते, “ह्या वासान गोचीड पळता की नाय ठावक नाय, घोव मात्र पळता!” पण तेलाने गोचीड चिकटायला कचरते हे खरं. ते काही तासच टिकतं, म्हणून दुपारी जेवणानंतर पुन्हा लावावं लागतं. डोळ्यांजवळ, ओठांजवळ, जखमेवर लावू नये. लहान मुलांच्या पंज्यांना तर मुळीच नाही, ती हात तोंडात घालतात. चष्म्याच्या प्लास्टिकच्या काडीला लागलं तर ती खराब होते, हेही सांगून ठेवते. आमच्याकडे न मिळणाऱ्या गावांतल्या बायकांनी औषधांच्या दुकानात डीट असलेलं मलम मागावं. डेपा नावाचंही एक औषध आहे, ते आपल्या संरक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केलं. लिंबू-कापूर-निरगुडीचे उपाय पुष्कळजणी सांगतात. माझं मत विचाराल तर जिथे माकडताप आहे तिथे त्यांच्या भरवशावर राहू नये.

रानात गेल्यावर वाळक्या पाल्यावर बूड टेकायचं नाही. दमलात तर खडकावर बसा, नाहीतर पोतं नेऊन ते अंथरा. (पोतं परत आणताना झाडून, उन्हात टाका, नाहीतर सगळं मुसळ केरात.) पायवाट सोडून गवतातून आडवं जाऊ नका. कपडे काढून झुडपावर वाळत टाकायचे नाहीत.

घरी परतल्यावरचा अर्धा तास फार मोलाचा. वहिनी अंगणातूनच मागच्या दारी न्हाणीकडे जाते. घरात पाय नाही, पाळण्यातल्या पोराला उचलणं नाही, पाटावर बसून चहा नाही. सगळे कपडे उतरून थेट उकळत्या पाण्याच्या बादलीत. थंड पाण्यात भिजवलेल्या कपड्यात गोचीड खुशाल जिवंत राहते, ही गोष्ट कितीजणींना ठाऊक असते? मग कडक उन्हात वाळवायचे. स्वतः गरम पाण्याने, साबण लावून, पंचाने खसखसून आंघोळ. आणि आंघोळ करता करताच हात फिरवून पाहायचं: कानामागे, केसांच्या कडेला, मानेवर, काखेत, छातीखाली, परकराची नाडी बांधतो तिथे कमरेभोवती, जांघेत, गुडघ्यामागे, बोटांच्या बेचक्यात. पाठ दुसऱ्या बाईला दाखवायची. आमच्याकडे आई बघते. चष्मा लावून, बॅटरी घेऊन. एरवी सून-सासूचं फारसं पटतं असं नाही, पण हे काम कधी चुकत नाही.

गोचीड चिकटलेली सापडली तर? इथे प्रत्येक घराची एक परंपरा असते. कुणी रॉकेल ओततं, कुणी विडीचा चटका देतं, कुणी चुना, कुणी तूप लावतं. यातलं काहीही करू नका. त्रास झाला की गोचीड तोंडातली लाळ आपल्या रक्तात सोडते, आणि विषाणू असतो तो नेमका त्या लाळेत. नखाने ओरबाडून चिरडूही नका. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, भुवया कोरायचा असतो तोच. गोचिडीला पोटाला न धरता, अगदी कातडीलगत तोंडापाशी धरायचं आणि सरळ वर, सावकाश, एकसारखं ओढायचं. पिरगाळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. निघाली की साबणाच्या पाण्याच्या डबीत टाकायची. जागा साबणाने धुवायची, हातही धुवायचे. आणि कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच, त्या तारखेला एक ‘गो’ लिहून ठेवायचा. आमच्या माहेरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्च महिन्यात सहा-सात ‘गो’ असतात.

तारीख कशाला? कारण चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत हा ताप येतो. एकदम चढलेला ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, लाल डोळे, उलट्या-जुलाब. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. शंभरातले तीन ते पाच रोगी दगावतात. दहा-वीसजणांना वहिनीसारखा एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि तो मेंदूवर जातो. म्हणून पहिला ताप उतरला की बाईला लगेच बागेत पाठवू नका, आणि पुढचे तीन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवा. विषाणू मारणारं खास औषध या आजाराला नाही. पण वेळेवर सलाईन, रक्तस्रावावर नजर, विश्रांती मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. तापात ॲस्पिरिन किंवा तशी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नका, रक्त वाहण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावी. लशीबद्दल लोक विचारतात. कर्नाटकात १९९० पासून एक लस टोचत असत, पण तिचा पुरेसा उपयोग होत नाही असं दिसल्यावर २०२२ मध्ये ती बंद झाली. नव्या लशीचं काम हाती घेतलं आहे. ती येईपर्यंत मोजे हीच लस!

घराभोवतीचं एक महत्त्वाचं. पातेऱ्याचा ढीग घराला लागून, ओसरीशेजारी रचायची आमच्याकडे पद्धत होती. हाताशी असावा म्हणून. शिमोग्याकडच्या साथींत अशा ढिगांचा आणि तापाचा संबंध आढळला आहे. आता आमचा ढीग गोठ्याच्या पलीकडे गेला. पावसाच्या दोन सरी चुकल्या तरी तो जवळ येत नाही. गुरांना पशुवैद्यकांनी सांगितलेलं गोचिडीचं औषध वेळेवर लावायचं, कुत्र्याला घरात झोपवायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, दोरी बांधून ओढायचं नाही, पोरांना बघायला न्यायचं नाही. ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. ते येऊन भोवतालच्या पन्नास फुटांत औषधाची भुकटी मारतात. आमच्या गावात पूर्वी मेलेल्या माकडाला हार घालून, हळद-कुंकू वाहून पुरत. लोकांची श्रद्धा असते, तिला नावं ठेवू नयेत. आता हार लांबूनच ठेवतात.

घाटावरच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कुठे माकडताप? नसेल. पण गोचीड आहे. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड ठिपक्यांचा ताप देते. त्यात अंगावर पुरळ उठतं, तळहात-तळपायांवरसुद्धा. तो जंतूमुळे होतो आणि वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो; न ओळखला तर जिवावर बेततो. गुजरातमध्ये २०११ च्या जानेवारीत काँगो ताप सापडला, तोही जनावरांवरच्या गोचिड्यांचा. दाराशी म्हैस असेल आणि तिच्या गोचिड्या हाताने काढून दगडावर चिरडायची सवय असेल, तर हातमोजे घाला, आणि चिरडू तर नकाच.

गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल आंबोलीला निघाली. मुख्याध्यापकांनी मुलींची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी सूचनांचा कागद काढला: फिकी सलवार, पांढरे मोजे, पायवाट सोडायची नाही, परतल्यावर आंघोळ, पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘आंबोलीच्या रानात गेले होते’ हे वाक्य आधी सांगायचं. एका पालकांनी विचारलं, “मॅडम, एवढं भ्यायचं तर सहल न्यायचीच कशाला?” मी म्हटलं, यातल्या निम्म्या मुलींच्या आया याच वेळी कुठल्यातरी बागेत वाकलेल्या आहेत, त्यांच्यासाठी कुणी कागद काढलेला नाही. तो कागद मुली घरी नेतील. तसा तो गेलाही. दोन मुलींनी येऊन सांगितलं, आईने मोजे मागितलेत.

वहिनी आता बरी आहे. थंडीत हाताला थोडा कंप येतो, तेवढाच. बागेत जाते. मी म्हणते, एक वर्ष मक्त्याने दे ना बाग, तर हसते: “रानात नाय गेलंय तर चूल कशी पेटतली गो?” परवा तिचा फोन होता. माझ्या येण्याच्या वेळी बाजारातून आणायची यादी सांगितली: पांढरे मोजे सहा जोड, कापडी बूट पाच नंबर, भुवयांचे चिमटे चार, शेजारणींनाही हवेत. आणि पोरांसाठी बॅटरीचे सेल, कारण आईला आता जुन्या बॅटरीने पाठ नीट दिसत नाही.